सतराव्या पानावरची चिठ्ठी

आमचा बुढा घरी नाही. कुठं गेला म्हणाल तं धामणगावले गेला. काहून? एक पुस्तक शोधायले. सोताच लिह्यलेलं, सोताच घरोघरी वाटलेलं, आन् आता नऊ वर्षं झाली, सोताच मागत फिरते ते पुस्तक. दोनशे छापले होते, एकशे सत्त्याण्णव सापडले. तीन बाकी हायेत. त्या तिघायपायी माणसाच्या गळ्याखाली भाकर उतरत नाही. म्या म्हटलं, अहो बाप्पा, वाळवीनं खाल्ले असतीन आता! तं म्हणते, वाळवीनं खाल्ले असतीन तं बरंच हाय, तिले वाचता येत नाही. पण खाल्ले नसतीन तं?

आता याच्यावर काय बोलाव माणसानं?

नवऱ्याचं नाव घ्यायले लाज वाटते, पण सांगितल्याबिगर तुमाले समजंन कसं? सूर्यभान. बोरखडीचा सूर्यभान टपालवाला. चांदूर रेल्वेच्या डाकघरातून थैला खांद्यावर मारायचा आन् सात गावं पायी फिरायची, असे तीस वर्षं काढले त्यानं. पायाले भिंगरी बांधलेला माणूस. कागद नुसता देऊन येणं त्याले जमेच ना. ज्याले वाचता येत नाही त्याले वाचून दाखवे, आन् वाचता वाचता विचारे, तुमचं घराणं कुठलं, हे विहीर कोणं खंदली, या मारोतीले पह्यला शेंदूर कोणं लावला? मंग ते सारं एका वहीत टिपून ठेवे. म्या कितीक डाव म्हटलं, लोकायच्या विहिरी राहू द्या, आपल्या वाडीतल्या मोटीचा नाडा तुटला तो पाहा. "हो हो" म्हणे, आन् पुन्हा वही. घरात भाजी मी पिकवावी, बाजारात मीच नेऊन इकावी, आन् यानं मारोतीचा शेंदूर शोधावा!

एकोणीसशे सदतीस साली गावच्या शाळेले पन्नास वर्षं झाली. गावाचा इतिहास छापायचा ठरला. हेडमास्तर बाहेरगावचे, त्यायले काय माहीत? काम आलं आमच्या घरी. खर्च खुशालराव पाटलानं उचलला. खुशालराव म्हणजे आमच्या गावचा सगळ्यात मोठा कास्तकार, पण मनाचा वाईट नाही, हे पह्यलेच सांगून ठेवते. बुढ्यानं सहा महिने घातले त्याच्यात. देवळाच्या खांबावरची अक्षरं कोळसा घासून वाचली. चांदूरच्या कचेरीत जाऊन जुने कागद पाह्यले. पारावरच्या म्हाताऱ्यायले दहा-दहा डाव विचारलं. गावविहिरीचं साल तिघायनं तीन सांगितले, तं यानं तिन्ही लिह्यले आन् खाली नावं घातली, कोणतं कोण म्हणते ते. असा चिकट माणूस! आन् अशा माणसानं सतराव्या पानावर एक ओळ कोणालेच न विचारता लिहून टाकली.

ते ओळ समजाची असंन तं आमच्या गावची एक खोड सांगा लागते. धुळवडीच्या सकाळी पोट्टे, बापे, बुढे, सारे राख-चिखल फासून गावभर फिरतात. ज्याच्या-त्याच्या दारात उभं राहून ज्याची-त्याची बोंब मारतात. कोणी कंजूष असंन त्याची, कोणी भांडखोर असंन तिची. माह्या दारात येऊन "सत्यभामेच्या वांग्यात अळ्या" म्हणून बोंबलतात, मेले. मीही दोन शिव्या हासडते, तेही हसतात, आन् झालं. पण पार्बताबाईच्या दारात गेले की दरसाल एकच बोंब. "नत्थ्या पेवचोर!"

नत्थुजी पार्बताबाईचा बाप. छप्पनच्या काळात मेला, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे सालच्या मोठ्या दुष्काळात. तवा पाटलाकडं, म्हणजे खुशालरावाच्या बापाकडं, जमिनीत पेव होतं. पेव म्हणजे तोंड लहान आन् पोट मोठं असा खड्डा. आत कडबा लावून ज्वारी भरायची आन् वरून मातीनं लिंपून टाकायचं. उघडल्यावर लगेच आत उतरता येत नाही. आतली वाफ निघून जाऊ द्या लागते, कंदील सोडून पाहा लागते. घाई केली तो मेलाच, उतरताच नाही तं बुडाशी पोहचल्यावर. त्या पेवात नत्थुजी मेलेला सापडला. गाव म्हणे, चोरी करायले उतरला आन् वाफेनं मेला. आधी त्याच्या बायकोच्या दारात बोंब होत होती, ते मेली तं पोरीच्या दारात होऊ लागली. बुढ्यानं लहानपणापासून हेच ऐकलं, म्याही लगन होऊन आली तवापासून हेच ऐकलं. इतकं पक्कं होतं ते, की त्यात विचारायचं काय? म्हणून त्यानं लिह्यलं, "छप्पनच्या दुष्काळात नत्थुजी नावाच्या इसमाने पाटलांचे पेव फोडले व चोरी करताना तो आतच मेला." आन् अमरावतीच्या छापखान्यातून दोनशे पुस्तकं छापून आले.

पार्बताबाई आन् मी जोडीच्या. लवकर रांडावली, माहेरी आली, नाल्याकाठी आमच्या वाडीले लागून तिची वाडी. तिचे झेंडू, माही मेथी-वांगी. चांदूरच्या बाजाराले टोपलं डोक्यावर घेऊन दोघी संगच निघत होतो. टोपलं उचलून द्यायले एकमेकीले हाक मारायची, येवढं आमचं गूळपीठ.

पुस्तक वाटून आठ दिवस झाले असतीन. मी तिच्या ओट्यावर मेथी निवडत बसली होती. बुढा टपाल वाटून चालला होता, तिनं हाक मारली.

"सूर्यभानभाऊ, माह्या बापाचं नाव छापलं म्हणतात पुस्तकात. वाचून दाखव."

तवा माह्या ध्यानात आलं, बाईनं धुतलेलं लुगडं नेसलं होतं. कामाच्या दिवशी! बापाचं नाव पुस्तकात आलं म्हणजे काहीतरी चांगलंच असंन, असं वाटलं होतं बिचारीले.

बुढा म्हणे, "राहू दे न बाई, मंग कधी."

"साऱ्या गावाचे कागद वाचतं तू. माह्याच बापाचं वाचायले का झालं?"

आता सुटका नव्हती. त्यानं थैला खाली ठेवला, पान उघडलं आन् वाचलं. आपलीच ओळ. मले वाटलं, जमीन फाटाव आन् मी आत जाव.

पार्बता रडली नाही. रडली असती तं बरं झालं असतं. ते म्हणे, "भाऊ, शिमग्याची बोंब आंघोळीसंग धुऊन जाते. सदतीस वर्षं झाली, येवढंच मनाले सांगते आन् दार लावून बसते. तू तं बोंब छापून ठेवली."

बुढ्यानं पुस्तक मिटलं.

"मारोतीच्या शेंदराचं दहा जणायले विचारलं तू. माह्या बापाचं मले काहून नाही विचारलं?"

"तुले वाईट वाटंन म्हणून, बाई."

"आन् आता लय चांगलं वाटून राह्यलं!" मंग ते उठून उभी राह्यली. "आता विचार. मी आठ वर्षाची होती. माहा बाप दिवसा गेला घरून. दिवसाउजेडी, खांद्यावर नाडा घेऊन. मायले म्हणे, संध्याकाळी ज्वारी आणतो. चोर काय असा सांगून जाते? पाटलानं उतरवला त्याले. वाफ निघू न देता उतरवला. लिही तसं. मी मरायच्या आधी माह्या बापाच्या अंगावरचं चोर नाव पूस."

त्या दिवसापासून आमच्या घरातलं सुख उडालं. बुढा जेवता जेवता उठे, अंगणात चकरा मारे, पुन्हा बसे, पुन्हा उठे. "म्या काहून विचारलं नाही? सत्यभामे, काहून विचारलं नाही म्या?" अहो, मले काय माहीत! मले त्याचा रागही ये आन् कीवही ये.

मंग सुरू झाली पायपीट. टपाल वाटून झालं की हा आपला निघाला. चांदूरच्या कचेरीत त्या सालचे कागद पुन्हा पाह्यले. तिथं येवढंच निघालं, "पेवात मयत, इसम एक." पारावरच्या म्हाताऱ्यायकडं गेला. आजवर विहिरीचं विचारलं तं तास-तास बोलणारे हे बुढे, नत्थुजीचं नाव काढताच ज्याले-त्याले खोकला आला. खुशालरावाकडं गेला. तो म्हणे, "मी तवा चार वर्षाचा. बाप सांगे तेच मले माहीत. तुले काही पक्कं सापडलं तं जरूर लिही. पण सूर्यभान, अंदाजानं माह्या मेलेल्या बापावर काही लिहू नको." त्याचं तरी काय चुकलं? त्याचाही तो बापच.

मंग कोणीतरी सांगितलं, पाटलाचा जुना गाडीवान शेषराव अजून जिता हाय, अकोल्याले पोरीकडं राहते. बुढा लगेच थैला उचलून निघाला. म्या म्हटलं, थांबा, मीही येते. गाडीत बडनेऱ्यापासून अकोल्यापर्यंत हा माणूस एक डाव बसला नाही. दारात उभा, खिडकीत उभा. समोरची बाई मले म्हणे, तुमच्या मालकाची तब्येत बरी नाही का? म्या म्हटलं, तब्येत बरी हाय माय, डोक्यात इतिहास शिरला.

शेषराव कापसाच्या जिनिंग गिरणीमागच्या एका खोलीत खाटेवर बसला होता. डोळे गेलेले, कान शाबूत. बुढ्यानं आपली चूक पह्यले सांगितली, मंग विचारलं. म्हाताऱ्यानं खाटेची दोरी चाचपली.

"मले दुपारी बलावणं आलं," तो म्हणे. "गाडी घेऊन पेवावर ये म्हणून. मी गेलो तं नत्थू मरून पडला होता, वर काढून ठेवला होता. बाजूले पोती होती. अकरा. म्या ते गाडीत भरले आन् पाटलाच्या घरी नेऊन टाकले."

"अकरा कसं लक्षात राह्यलं?"

"माह्या पाठीवर चढवले न् बाप्पा. अन्नाची पोती, दुष्काळात. जनमभर लक्षात राह्यतीन."

"तिथं कोण कोण होतं?"

"पाटील होते. गावातले चार-पाच जण होते. नाव नाही घेत मी."

"त्याले आत कोणं उतरवलं?"

शेषराव म्हणे, "तवा मी तिथं नव्हतो. जे पाह्यलं नाही ते कसं सांगू?"

बाहेर आल्यावर बुढा रस्त्यातच थांबला. "पाह्य सत्यभामे," म्हणे, "डोळे गेलेल्या माणसाले येवढी अक्कल हाय. मले डोळे असून नव्हती."

घरी येऊन त्यानं कागद घेतला. सतराव्या पानात लावायची चिठ्ठी लिहायची होती. म्या म्हटलं, आता लिहा, पाटलानं उतरवला म्हणून. पार्बताच्या मनासारखं होऊन जाऊ द्या एकडावचं.

"कोणं पाह्यलं?"

"पार्बता सांगते ना!"

"पार्बतानं बापाले घरून जाताना पाह्यलं. पेवात उतरताना नाही पाह्यलं."

"अहो, तुमी तिले येवढं दुखवलं! तिच्यासाठी एक ओळ जास्तीची लिह्यली तं काय आभाळ कोसळते?"

"एकडाव न पाहता लिह्यलं तं तिच्या बापाले चोर केलं," तो म्हणे. "आता पुन्हा न पाहता लिहू आन् दुसऱ्याच्या बापाले खुनी करू? मंग मी काय शिकलो?"

मले इतका राग आला! म्या म्हटलं, मरा तिकडं तुमच्या खऱ्यासंग, आन् चुलीपाशी जाऊन बसली. तीन दिवस बोलली नाही त्याच्याशी. आज वाटते, तवा मीच चुकत होती. पण तवा नाही वाटलं, खोटं काहून सांगू?

चिठ्ठीत त्यानं लिह्यलं ते मले तोंडपाठ हाय. "नत्थुजी चोर होते याला कोणताही पुरावा सापडला नाही. मी ते ऐकीव लिहिले, ही माझी चूक आहे. त्यांची मुलगी पार्बताबाई सांगते की ते दिवसाउजेडी, घरी सांगून गेले. गाडीवान शेषराव सांगतो की पेवाच्या काठावर अकरा पोती होती व पाटील आणि चार-पाच गावकरी हजर होते. नत्थुजींना आत कोणी उतरवले ते कळले नाही. सूर्यभान." अशा दोनशे चिठ्ठ्या हातानं लिह्यल्या. छापून घ्या म्हटलं तं म्हणे, नाही, प्रत्येक डावाले मले ते पुन्हा लिहा लागलं पाह्यजे. कणकेची खळ म्या शिजवून दिली. राग होता तरी दिली. मी म्हणो, चिठ्ठी जुन्या ओळीवरच चिकटवा, झाकून जाईन. त्यानं ओळीच्या खाली चिकटवली. म्हणे, मी काय चुकलो तेही लोकायले दिसलं पाह्यजे.

पह्यली चिठ्ठी पार्बताले वाचून दाखवली. "कळले नाही" आलं तशी ते उठली. "हे काय लिह्यलं? माह्या बापाले अर्धंच सोडवलं तू?" आन् दार लावून घेतलं. मंग माह्याशीही बोलणं बंद. बाजाराच्या दिवशी तिचं टोपलं ते एकटीच गुडघ्यावर घेऊन कसंबसं डोक्यावर चढवे, मी इकडं माहं चढवो. मधात हातभर धुरा, म्हणजे दोन वाड्यायमधला बांध, पण हाक कोणी मारे ना. लय लागलं माह्या जिवाले ते.

बुढा मातर घरोघरी फिरला. थैल्यात टपाल, एका हातात खळीची वाटी. "पुस्तक आणा, सतरावं पान काढा." कोणी हसलं, कोणी म्हणे येडा झाला टपालवाला. चिठ्ठी लावून झाली की वाचून दाखवल्याबिगर उठेच ना. म्हाताऱ्यायच्या घरी तं दोनदा वाचली.

आन् आली धुळवड.

सकाळीच डफडं वाजू लागलं. माह्या दारात वांग्याच्या अळ्यायची बोंब मारून मंडळी पार्बताच्या दारात गेली. बुढा धडपडत त्यायच्या मागं निघाला, मीही निघाली. खुशालरावही होता गर्दीत, नखशिखान्त राखेनं माखलेला. पोट्ट्यायनं तोंडाले हात लावला आन् सुरू केलं, "नत्थ्या पेव..."

दार उघडलं.

इतक्या वर्षात धुळवडीले ते दार कधी उघडलं नव्हतं. पार्बता ओट्यावर येऊन उभी राह्यली. तेच धुतलेलं लुगडं नेसलेलं.

"थांबा," ते म्हणे. "बोंब मारा, पण पह्यले एक सांगा मले. अकरा पोती कोणं वढली?"

डफडं थांबलं.

"मी झेंडूचं एक टोपलं चढवते तं मले सत्यभामेले हाक मारा लागते. माहा बाप पेवाच्या बुडाशी होता. आन् अकरा पोती वर काठावर होती. खालून भरली त्यानं, मंग वरून वढली कोणं? एकट्या माणसाले जमते काय ते? पुस्तकात लिह्यलं हाय, पान सतरा. चार-पाच जण होते म्हणे. माहा बाप चोर असंन तं ते कोण होते? आन् ते चोर नसतीन, तं माहा बाप एकटाच कसा चोर? सूर्यभानभाऊनं कोणाचं नाव नाही लिह्यलं. मीही नाही घेत. तुमीच सांगा."

गर्दीच्या मागं पारावरचे तीन बुढे उभे होते. त्यातल्या एकानं उपरण्यानं तोंडावरची राख पुसली आन् कोणाकडं न पाहता घराकडं चालू लागला. मंग दुसरा गेला. तिसरा तिथंच जमिनीवर बसला आन् दोन्ही हातात डोकं धरलं त्यानं. त्याचं नाव मी सांगणार नाही. आमच्या बुढ्याले जाऊन विचारलं तरी तो सांगणार नाही, काहून की त्या म्हाताऱ्यानं मरेपर्यंत कबूल काही केलं नाही, आन् कबूल केल्याबिगर आमच्या घरी लिहीत नाहीत.

खुशालरावानं सारं पाह्यलं. तो पोट्ट्यायले म्हणे, "चला रे पुढं. या दारात बोंब नाही मारायची आता." त्याचा आवाज नेहमीसारखा नव्हता. जाताना त्यानं पार्बताले हात जोडले.

पार्बता आमच्या बुढ्याकडं वळली. "भाऊ, ते 'कळले नाही' लिह्यलं ना तू, ते तसंच राहू दे. पाटलाचं नाव घातलं असतं तं साऱ्यायनं पाटलाकडं बोट दाखवलं असतं आन् सुखानं झोपले असते." मंग माह्याकडं पाहून म्हणे, "सत्यभामे, रविवारी बाजाराले येतं ना? झेंडू लय निघाला हाय, एकटीले उचलत नाही."

मी तिथंच रडली, भरल्या धुळवडीत.

त्याले आता नऊ वर्षं होतीन. बोंब बंद झाली ते झालीच. पण बुढा काही थांबला नाही. गावातले पुस्तकं झाले तसे बाहेरगावचे धरले. टपालानं गेलेल्या पुस्तकायवर त्यानंच शिक्के मारले होते, पत्ते सारे डोक्यात. अकोल्याच्या वाचनालयात जाऊन चिठ्ठी लावून आला. पेन्शन झाल्यावर तं रोजच निघते. म्या काल म्हटलं, आता पार्बताले चैन पडली, तुमाले काहून नाही? म्हणे, ज्याच्या घरी ते पुस्तक असंन, त्याच्या घरी नत्थुजी अजून चोरच हाय.

धामणगावले एका सोयऱ्याच्या घरी एक असंन म्हणून कोणी सांगितलं. सापडलं तं चिठ्ठी लावायले घरीच घेऊन येईन, मंग दोन राह्यतीन, नाही तं तीनच. संध्याकाळच्या गाडीनं येईन, आन् येईन तं चिडचिड करतच येईन. खळ म्या सकाळीच शिजवून ठेवली हाय.